फुटपट्टी, मी आणि कानाची कुलपं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझा अपमान झाला. वेळ लिहून ठेवते, कारण उद्या हेच म्हणतील, "तू राईचा पर्वत करतेस."

शाळेच्या शतकमहोत्सव समितीची ईमेल आली. आमच्या कॉन्व्हेंटला शंभर वर्षं होतायत. त्यानिमित्त आम्ही चाळीस माजी मुलींनी (सत्तरीच्या मुली!) शाळेचं गीत आपापल्या घरी गाऊन पाठवायचं, मग समिती सगळे आवाज एकत्र करून मार्चमध्ये मोठ्या हॉलमध्ये ऐकवणार. मी तर रविवारीच पाठवलं होतं. सगळ्यांच्या आधी! माझ्या मोबाइलवर त्यांनी दिलेला पियानो लावला, यांचा मोबाइल बरणीला टेकवून त्यात आवाज घेतला, तिन्ही कडवी एका दमात. आणि उत्तर काय?

"आपले ध्वनिमुद्रण स्वीकारता येत नाही. आवाजामागे पियानो, भिंतीवरचे घड्याळ व कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू येतात. कृपया हेडफोन लावून, पियानो फक्त कानात ऐकून, केवळ आपला आवाज पाठवावा. मुदत २० फेब्रुवारी. त्यानंतर आलेले आवाज घेतले जाणार नाहीत."

शिट्ट्या तीन होत्या. धड मोजताही येत नाही.

आणि खाली सही कुणाची? अध्यक्ष म्हणून फुटपट्टीची! शाळेत सहा वर्षं माझ्या शेजारी बसली. सरळ बसायची, सरळ चालायची, आणि कुणी वाकडं उभं दिसलं की सरळ सिस्टरकडे जायची. मला 'भोंगा' हे नाव तिनेच ठेवलं. तेव्हापासून हिशेब बाकी आहे.

यांना मेल वाचून दाखवली. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "मग लाव की हेडफोन."

घरातच फितुरी. बाहेरच्यांना काय बोलणार?

बुधवार, ५ फेब्रुवारी

रात्री नीट झोप नाही. रागाने नाही — बरं, रागानेही. पण कागदाशी खोटं कशाला बोलू?

तीस वर्षं वाचनालयात नोकरी केली. तीस वर्षं कुजबुजले. लोकांना 'शू' करून करून माझ्या ओठांना तसाच आकार आलाय. निवृत्तीच्या दिवशी भाषण केलं तर मागच्या रांगेतल्यांना वाटलं, मी अजून सुरूच केलेलं नाही. गळा पूर्ण उघडून गायले ती शेवटची शाळेच्या हॉलमध्ये, गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांत. त्यानंतर बाळांसाठी गायले, पण त्यात मुद्दामच झोप येईल असं गावं लागतं.

त्या चाळीस आवाजांत माझा आवाज हवाय मला. नाव छापू नका, फोटो नको. आवाज हवा.

तो त्या फुटपट्टीमुळे राहून जाणार असेल, तर मी माझ्या बापाची मुलगी नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सुनेला शरण गेले.

हिचं काम म्हणजे आवाज देणं. मागच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात उभी राहून ही कंपन्यांसाठी निरोप वाचते. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" वगैरे. मागे मी गॅसच्या तक्रारीसाठी फोन केला, तर कानात हीच! "आपण रांगेत सातव्या क्रमांकावर आहात." मी तशीच मागच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "अगं, घरचं माणूस आहे, पुढे घे की." पोटात कळ येईपर्यंत हसली मेली. क्रमांक मात्र सातवाच राहिला.

तर त्या कपाटाला ही 'स्टुडिओ' म्हणते. आत यांचे जुने कोट, माझ्या चार गोधड्या, दोन गाद्या उभ्या. त्याने म्हणे आवाज आपटत नाही. मधे एक माइक, त्याच्यापुढे पायमोज्यासारखी जाळी. टेबलावर कॉम्प्युटर. आणि खुंटीला ते हेडफोन! केवढे! दोन काळ्या वाट्या आणि वर पट्टा. मला बघूनच कुलपं आठवली.

"हे कशाला लागतात पण?" मी विचारलं. "पियानो समोर वाजला तर बिघडलं काय?"

"आई, माइकला काय कळतं? तुमचा आवाज आणि पियानो त्याला सारखेच. दुधात पाणी पडलं की वेगळं काढता येतं का?"

"गवळ्याला विचार," म्हटलं. पण मुद्दा पटला. तिच्यासमोर कबूल केलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न. लिहितानाही कान गरम होतायत.

आधी अंबाडा आडवा आला. पट्टा त्याच्यापुढे घ्यावा तर कपाळावर येतो, मागे घ्यावा तर मानेवर घसरतो. मग चष्म्याच्या काड्या टोचायला लागल्या. मग कानातल्या कुड्या. एकेक करत सगळं उतरवलं. शेवटी केस सोडून, चष्म्याशिवाय, मोकळ्या कानांनी कपाटात उभी. सून म्हणाली, "आई, किती वेगळ्या दिसता!" वेगळी म्हणजे काय ते विचारलं नाही.

कुलपं लावली. जग बंद! पियानो थेट डोक्यात. सुंदर. मी श्वास घेतला आणि गायले — आणि मला मीच ऐकू येईना! तोंड उघडतंय, हवा जातेय, पण आवाज कुणाचा, कुठे, काही पत्ता नाही. मग माणूस काय करेल? जोर लावेल. मी लावला. तरी ऐकू येईना. आणखी लावला.

तिसऱ्या कडव्याला दार उघडलं. हे दारात, हातात काठी! कपाटात कुणीतरी माझा गळा दाबतंय असं वाटलं म्हणे. बाहेरच्यांना पियानो ऐकूच येत नव्हता ना. घरभर नुसती मी, सोलून काढल्यासारखी.

"तू तुझे कान झाकलेस," हे म्हणाले, "आमचे कोण झाकणार?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचा फोन. अतिशय नम्र माणूस. "मावशी, काही त्रास होतोय का? नाही, म्हणजे माझे पेशंट खुर्चीत बसायला तयार नाहीत. त्यांना वाटतंय, वर कुणाचा तरी दात भूल न देता काढतायत."

मी त्यांना म्हटलं, "हे शाळेचं गीत आहे."

ते म्हणाले, "कुठली शाळा?"

शनिवार, ८ फेब्रुवारी

बोलत नाहीये. कुणाशीच.

सोमवार, १० फेब्रुवारी

शुक्रवारचं ऐकवायला लावलं. सुनेने तोंडावर रुमाल धरला होता, शिंक येतेय म्हणाली. पूर्ण सव्वातीन मिनिटं शिंक येत होती तिला.

मी बेसूर गायले. लिहिते हो, लिहिते: बेसूर. पहिल्या ओळीपासून पट्टीच्या वर, आणि तिसऱ्या कडव्यात तर पियानो एका गावाला आणि मी दुसऱ्या.

पण दोष माझा नाही! स्वतःचा आवाज ऐकू आल्याशिवाय कोण सुरात गाईल? आरशाशिवाय कुंकू लावून बघा, कपाळ सापडलं तर नशीब.

सून म्हणाली, "बरोबर आहे, आई. चूक माझी. तुमचा आवाज तुमच्या कानात दिलाच नव्हता." म्हणजे देता येतो! आणि ही बया चार दिवस हे पोटात ठेवून बसली!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दिला आवाज कानात. पण उशिरा. पापणी लवावी तेवढाच उशीर, पण जीभच अडखळली. मी 'आ' म्हणावं आणि मागून आणखी एक 'आ' यावा. बाजारात हे असेच दोन पावलं मागून येतात, आणि मी थांबले की आपटतात. तसा माझाच आवाज माझ्या पाठीवर आपटत होता.

सुनेने कॉम्प्युटरवर काहीतरी खुडबुड केली. उशीर गेला. यांच्यावर असा काही उपाय आहे का, विचारायला हवं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याचा!

सून म्हणाली, "थोडा घुमारा देऊ का? बरं वाटतं गाताना." एक बटण फिरवलं — आणि काय सांगू! त्या कपाटात, यांच्या नेफ्थलीनच्या कोटांमध्ये उभी असलेली मी एका उंच छताच्या हॉलमध्ये जाऊन पोचले. माझा आवाज वर जायचा, कुठेतरी फिरून, न्हाऊनमाखून परत यायचा. मी गायले. मग गात नसतानाही बोलत राहिले. "दूध संपलंय" म्हटलं. काय वजन आलं त्या वाक्याला! किराण्याची यादी वाचली. सूर लावून वाचली. सुनेला तिचं काम होतं, ती दारात घड्याळ बघत उभी. मी म्हटलं, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." घुमाऱ्यासकट.

संध्याकाळी कळलं, घुमारा फक्त कानात असतो. फाइलमध्ये तो नसतो, असायचाही नाही, समिती नंतर सगळ्यांना एकदम देणार. कोरडी फाइल ऐकली. कानात देवदूत होता, फाइलमध्ये मिक्सरचं भांडं.

हे म्हणाले, "जगाचं असंच असतं." तत्त्वज्ञान नेमकं नको तेव्हा सुचतं या माणसाला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

जमलं! आणि ते मी शोधलं!

गाता गाता डावा कान खाजला. त्या बाजूची वाटी उचलून कानामागे सरकवली आणि तशीच गात राहिले. उजव्या कानात पियानो, डाव्या कानात मी. खरी मी, कपाटातली, कोटांवरून आलेली. सूर आपोआप जागेवर बसला. पायरीवर पाय पडावा तसा.

सून ओरडलीच, "आई! मोठेमोठे गायक असंच गातात! एक कान उघडा ठेवून!"

"मग हे मला आधी का सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल, सांगितलेलं नीट पाळायचं असतं."

हेही खरं. मी तसंच म्हटलं असतं.

पण लगेच खोट सापडली. उघड्या वाटीतून पियानो गळतो! मच्छराएवढा, पण माइकच्या नाकासमोर. पुन्हा दुधात पाणी. मग तिने त्या बाजूचा आवाजच बंद केला. डावी वाटी आता मुकी, नुसती शोभेची. उजवी घट्ट. कान ठेचला जातोय, पण टिपूस गळत नाही.

फुटपट्टी, थांब आता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पाठवलं! मी! एकटीने!

सून सकाळी कामाला बाहेर गेली होती. घर शांत. मनात आलं, आता घसा चांगला आहे, तिची वाट कशाला बघायची? कुठली बटणं दाबायची ते चार दिवस बघून पाठ झालं होतं. खालच्या डॉक्टरांना फोन करून कळवलं, कुकर बंद केला, घड्याळाचा सेल काढला, यांना हॉलमध्ये बसवून हलू नका म्हणून सांगितलं.

समितीच्या सूचना तंतोतंत पाळल्या. सुरुवातीला जुळवणीसाठी तीन टाळ्या. 'फाइल पुढून, मागून वा मधून कापू नये, अन्यथा जुळवता येणार नाही.' नाही कापली. जशी झाली तशी पाठवली.

तिसऱ्या कडव्यातला तो लांब सूर — लागला. डगमगला नाही. कपाटातून बाहेर आले. हे म्हणाले, "चांगलं झालं." नुसतं एवढंच. मग चष्मा पुसत बसले.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मेले. मेले, मेले, मेले.

सुनेने कौतुकाने फाइल ऐकायला घेतली. पहिलं कडवं: मान डोलावली. दुसरं: "आई, सुरेख!" आणि मग तिचा चेहरा बदलला. यावेळी शिंक नव्हती.

आमच्या पियानोवाल्या बाईंनी दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मधे एवढा लांब तुकडा वाजवलाय की तेवढ्यात भात व्हावा. त्या तुकड्यात यांनी दार किलकिलं करून खुणेनेच विचारलं होतं, चहा? आणि मी उत्तर दिलं होतं. मला वाटलं, पुटपुटले. आता एका कानात पियानो दणदणत असताना पुटपुटणं किती आणि बोलणं किती, हे कुणाला कळतं? फाइलमध्ये पियानो नाही. घड्याळ नाही, शिट्टी नाही. त्या स्वच्छ, निर्मळ शांततेत मी, खणखणीत:

"चहा नको! आधी त्या फुटपट्टीची खोड मोडू दे! अध्यक्ष झालीय म्हणे! सरळ उभं राहता येतं, एवढ्या भांडवलावर! दहावीत माझ्या पायावर पाय द्यायची, मेली, माझा लांब सूर लागू नये म्हणून! आणि हिचा स्वतःचा आवाज? रिकाम्या डब्यात चमचा पडावा तसा! जा तुम्ही, दार लावा!"

आणि पुढच्याच क्षणी तिसरं कडवं. वेळेवर. सुरात.

सून म्हणाली, "आई, आवाजाची पातळी मात्र एकदम योग्य आहे हं."

लगेच मेल केली: 'काल पाठवलेली फाइल कृपया न ऐकता परत करावी. दुसरी पाठवते.' तासाभराने उत्तर: 'फाइल ऐकण्यासाठी पुढे दिली आहे. अध्यक्ष स्वतः प्रत्येक ध्वनिमुद्रण हेडफोन लावून तपासतात.'

हेडफोन लावून! म्हणजे थेट तिच्या डोक्यात बोलले मी!

जेवले नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मुदतीचा दिवस. दुसरी फाइल करायला कपाटात गेले. घसा बसलेला. आवाज उमटेना. गेली माझी जागा. भांडून नाही गेली, बोलून गेली. ओठ आवळायला शिकले तीस वर्षं आणि नेमकी माइकसमोर सुटले.

सून गरम पाणी घेऊन कपाटात आली. दोघी कोटांमध्ये बसून राहिलो. म्हणाली, "आई, माझं एकदा 'कृपया प्रतीक्षा करा'च्या मागोमाग 'अरे, लाइट गेला वाटतं' असं गेलं होतं. आठ महिने लोक ऐकत होते. कुणी तक्रार केली नाही."

शहाणी आहे पोर. तोंडावर कधी म्हणणार नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

फुटपट्टीची मेल! जशीच्या तशी उतरवते.

"फाइल ऐकली. पायावर पाय दिला ते नववीत. दहावीत मी मागच्या रांगेत होते, तिथून तुझ्या पायापर्यंत पाय पोचत नाही. आधीची फाइलही पुन्हा ऐकली. शिट्ट्या तीन आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहे. मधले भाषण काढून टाकले. आवाज स्वच्छ. स्वीकारला."

स्वीकारला!

आणि पाय दिल्याचं कबूल! लेखी! यांना तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तेच म्हणाले, "'स्वीकारला'पाशी थांब, बाकीचं पाठ झालंय."

खालच्या डॉक्टरांनाही कळवलं. म्हणाले, "मावशी, अभिनंदन! म्हणजे आता रोज नाही ना?"

सोमवार, २४ फेब्रुवारी

समितीचं पत्र. चाळीस जणींचे आवाज आले, बहुतेक मुदतीच्या दिवशीच. एकोणचाळिसांत पियानो गळलेला! कुणाला गरम होतं, कुणाला कान दुखतात, कुणाचे केस विसकटतात. एकत्र वाजवले तर एकोणचाळीस पियानो जिन्यावरून गडगडत येतात म्हणे. अध्यक्षांनी दुसऱ्यांचे तपासताना हेडफोन लावले, स्वतः गाताना नाही. सबब, शुद्ध आवाज एकच असल्याने संपूर्ण गीत माझ्या एकटीच्या आवाजात वाजवण्याचं ठरलंय. अभिनंदन.

माझी फाइल पुन्हा ऐकली. एकही चूक नाही. पण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकच बाई, सव्वातीन मिनिटं! छे! याला शाळा म्हणत नाहीत.

आत्ताच उत्तर पाठवलं:

"अध्यक्षांस. मी गीतात घ्या म्हटलं होतं, गीत माझ्या गळ्यात टाका असं नाही. एकटीने गाणार नाही. माझा आवाज एकटा वाजवण्यास सक्त मनाई आहे. एकोणचाळीस जणींना पुन्हा गायला लाव. ज्यांना जमत नसेल त्यांनी माझ्याकडे यावं. कपाटात एका वेळी एकच मावते, पण मी दाराशी खुर्ची टाकून बसेन. पहिली तू ये. केस मोकळे सोडून, कुड्या काढून. येतेस की नाही, ते बुधवारी सकाळी अकराच्या आत मला लेखी कळव."